वाकड्या वीस कॉलरी

शिवणवर्गाच्या कटिंगबाईंना स्वतःच्या मशीनच्या सुईत दोरा ओवता येत नव्हता. ही गोष्ट वर्गातल्या वीस मुलींना ठाऊक होती आणि त्या विसांपलीकडे कुणालाही नव्हती. घरी सासूबाईंनासुद्धा नाही, आणि सासूबाईंपासून काही लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यातला प्रकार.

सकाळी वर्ग उघडला की पहिल्या मशीनवरची डावरी न सांगता उठायची. डाव्या हातानं कात्री धरायची म्हणून सगळ्या तिला डावरीच म्हणायच्या. ती बाईंच्या मशीनमध्ये दोरा ओवायची, बॉबिन भरून ठेवायची, कपाट उघडून किल्ली खणात टाकायची आणि जागेवर जाऊन बसायची. बाई तिला फक्त म्हणत, "मान सरळ ठेव, पोक येईल." आभार मानायची त्यांची तेवढीच रीत होती.

लांबचं बाईंना लख्ख दिसायचं. शेवटच्या रांगेत कुणाची टीप सूतभर घसरली तरी खुर्चीतूनच आवाज यायचा, "उसव!" नाकासमोरचं मात्र गेल्या दोन वर्षांत पुसट होत चाललं होतं. चष्म्याची काच दोनदा बदलून झाली. डोळ्यांचा डॉक्टर शेवटी म्हणाला, "बाई, आतूनच विरत चाललंय. काच काय करणार?" विरलेल्या कापडाला ठिगळ धरत नाही, हे बाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पण शिकवायला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त लागतात. कॉलरीवरून अंगठा फिरवला की बाईंना कळायचं, कुठे हात घाबरला, कुठे घाई झाली, कोण घरून भांडून आली. चौदा वर्षं त्यांनी कपड्यांच्या फॅक्टरीत कॉलरच्या लाइनवर काढली होती, तासाला साठ कॉलरी. त्यानंतर अकरा वर्षं या शाळेत, तीही हंगामी. दर वर्षी एक कागद यायचा आणि बाई आणखी वर्षभर बाई राहायच्या. फॅक्टरीत त्या सत्तावीस नंबर होत्या. पुन्हा सत्तावीस नंबर व्हायची त्यांना भारी धास्ती होती, आणि आता या डोळ्यांना तो नंबरही कुणी देणार नव्हतं.

वर्गाच्या भिंतीवर रंगकाम शिकणाऱ्यांनी हिरव्या रंगात एक वाक्य लिहून दिलं होतं. वाकडी टीप घरी नेऊ नये, पेटीत ठेवू नये, उसवावी. वाक्य बाईंचं. कुणी रडलं, रुसलं, घरी पाहुणे आहेत म्हणालं, तरी उसवल्याशिवाय सुटका नव्हती. आणि बाई कुणाचं उसवून देत नसत. जिनं शिवलं तिनंच उसवायचं.

तर अशा बाईंच्या हातात एक दिवस प्राचार्यांनी कागद ठेवला. व्यवसाय शिकवणाऱ्या प्रत्येकानं 'संशोधन व मूल्यमापन पद्धती' हा अभ्यासक्रम पुरा करायचा. दर शनिवारी, आठ महिने. शेवटी आपल्याच वर्गावर एक छोटं संशोधन करून दाखवायचं. कायम नोकरीवाल्यांनी नापास झालं तर पुढच्या वर्षी परत बसायचं. हंगामींनी नापास झालं तर पुढचं वर्षच नाही.

"संशोधन म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या चटईवर बसून शेजारच्या दुकानाची बटणं मापाप्रमाणे निवडत होत्या.

"शोधून काढायचं काहीतरी, आई."

"काय हरवलंय?"

"ते अजून सांगितलं नाही."

"मग आधी माझी काठी शोध. सकाळपासून सापडत नाहीये."

बाई हसल्या नाहीत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात या दोघी, आणि दोघींचं जे काय होतं ते त्या दर वर्षीच्या कागदावर उभं होतं. सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, बटणांचा डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "शिकशील गं. मशीन नाही का शिकलीस? पहिल्या दिवशी बोटात सुई घालून घेतली होतीस."

शाळेतच वरच्या मजल्यावर भरणाऱ्या या शनिवारच्या वर्गात चौदाजण होते. नळजोडणीवाले, वायरमनकी शिकवणारे, केस कापायला शिकवणाऱ्या बाई, असे सगळे पन्नाशीच्या आसपासचे, गुडघे मुडपून लहान बाकांवर बसलेले. शिकवायला एक काटकुळा तरुण यायचा. तो दर दोन वाक्यांनी 'नमुना' म्हणायचा. नमुना कसा निवडायचा, नमुना किती मोठा हवा. नळवाल्यांनी पहिल्याच शनिवारी त्याचं नाव नमुनासर ठेवलं आणि ते चिकटलं. माणूस मात्र पाण्यासारखा सरळ. कुणी चुकलं की तोच ओशाळायचा.

पहिल्या महिन्यात बाईंच्या सगळं डोक्यावरून गेलं. गृहीतक, चल, वैधता, विश्वसनीयता. वहीत शब्द उतरवायचे, पहाटे उठून वही हात लांब करून धरायची आणि पुटपुटायचं. सासूबाई अंथरुणातून म्हणायच्या, "कुणाला शाप देतेस का गं?"

पहिलं काम होतं प्रश्नावली. बाईंनी दहा प्रश्न काढले. वर्ग आवडतो का? शिकवलेलं समजतं का? वीसच्या वीस मुलींनी सगळीकडे 'हो' लिहिलं. डावरीनं तर 'खूप हो' लिहिलं. बाई मोठ्या ऐटीत गठ्ठा घेऊन गेल्या.

नमुनासरांनी चार पानं उलटली. "बाई, मुली लिहीत होत्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? त्यांच्या डोक्याशी उभी. नाहीतर एकमेकींचं बघून लिहितात."

सर ओशाळले. "मग ही उत्तरं तुमच्या धाकाची झाली. वर्गाचं यातून काहीच कळत नाही."

नळवाले फिस्सकन हसले. बाईंच्या कानशिलापर्यंत आग गेली. अकरा वर्षं दुसऱ्यांना 'उसव' म्हणणाऱ्या बाईला कुणीतरी चारचौघांत पहिल्यांदा 'उसव' म्हटलं होतं. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत.

पण मुरलेल्या कारागिराचं एक असतं. चूक एकदा दाखवली की ती त्याला झोपू देत नाही. पुढच्या वेळी बाईंनी कागदावर नावं लिहू दिली नाहीत, मध्ये पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. खोक्यातून निघालेल्या चिठ्ठ्या त्यांनी सरांकडूनच वाचून घेतल्या, अक्षर बारीक आहे असं सांगून. एका चिठ्ठीत होतं, "बाई करून दाखवतात तेव्हा हात इतका भराभर चालतो की काही दिसत नाही. विचारायची भीती वाटते." अशा एकूण अकरा चिठ्ठ्या. विसांतल्या अकरा!

म्हणजे अकरा वर्षं आपण शिकवत होतो आणि निम्म्याहून जास्त पोरी नुसत्या बघत होत्या. बाईंना रडू फुटलं. सरांना काय करावं कळेना. ते खडू या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "बाई, हेच तर संशोधन. आता सांगा, काय बदलाल?"

बाईंनी आठ दिवस विचार केला. मग त्यांना आपले फॅक्टरीतले पहिले दिवस आठवले. त्यांनी कागदावर कॉलरीचा आकार काढला, मशीनमधला दोरा काढून टाकला आणि मोकळ्या सुईनं रेघेवरून टीप मारली. कागदावर नुसती भोकं उमटली. कागद खिडकीत धरला की हात कुठे घसरला ते भोकं स्वतःच सांगत होती. बाईंनी भराभर हात चालवायची गरजच नाही, पोरीला स्वतःचंच दिसतं. आधी सहा आठवडे कागद, मग कापड.

सर खूश झाले. "हे तपासू या. कागदाआधी प्रत्येकीची एक कॉलर शिवून ठेवायची. सहा आठवड्यांनी पुन्हा एक. चाळीस कॉलरी मिसळून बाहेरच्या दोन परीक्षकांकडून एकाच दिवशी तपासून घ्यायच्या. कुठली आधीची, कुठली नंतरची, त्यांना कळता कामा नये. आणि बाई, तुम्ही स्वतः गुण द्यायचे नाहीत. तुमचा जीव आहे मुलींत. जीव आला की गुण वर चढतात."

"बरं."

"मुलींनाही सांगायचं नाही कशासाठी चाललंय ते. कळलं की त्या वेगळ्या वागतात."

"बरं."

त्याच सुमाराला एकदा सर वैधता आणि विश्वसनीयता पाचव्यांदा समजावत होते आणि सगळे माना डोलावत होते. बाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे मापाची टेप ताणून लांब झाली असली, तर रोज मोजा, रोज तेच माप येतं. टेप विश्वासाची. पण माप खोटं."

सर खडू धरून उभेच राहिले. "बाई, पुढच्या वर्षी मी हे असंच शिकवणार." त्या दिवशी कटिंगबाई घरी गाणं गुणगुणत आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पहिल्या वीस कॉलरी झाल्या. काय त्या कॉलरी! एक टोक उंदराच्या नाकासारखं, दुसरं बोथट. आतलं कडक बकरम बाहेर डोकावतंय, दोरा खालून गुंतलाय. एक ना धड, भाराभर चिंध्या. बाईंच्या जिभेवर 'उसव' आलं होतं आणि ते त्यांनी गिळलं. "राहू दे तशीच," त्या म्हणाल्या. वीस पिशव्या, वीस नंबर, सगळं पत्र्याच्या पेटीत आणि पेटी कपाटात. अकरा वर्षांत पहिल्यांदा बाईंनी वाकडी टीप पेटीत ठेवली. मुलींनी भिंतीवरच्या हिरव्या अक्षरांकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. बाईंना काही सांगायची मुभा नव्हती.

सहा आठवडे वर्गात मोकळ्या सुयांचा टकटकाट चालला. खिडकीला भोकांचे कागद लागले. मुली कागद उजेडात धरून स्वतःच स्वतःला म्हणायला लागल्या, "इथे गेलं बघ माझं." दुसऱ्या वीस कॉलरी शिवल्या तेव्हा बाईंनी एकेकीवरून अंगठा फिरवला आणि खुर्चीत टेकून डोळे मिटले. अशा कॉलरी त्यांच्या वर्गात कधीच झाल्या नव्हत्या. त्यांनी दुसरी पेटी लावली. तीन दिवसांनी, सोमवारी साडेदहाला परीक्षक यायचे होते.

सोमवारी आठ वाजता त्यांनी पिशव्यांना नवे नंबर लावायला पहिली पेटी उघडली. वरची पिशवी काढली, कॉलर हातात घेतली, सवयीनं अंगठा फिरवला.

अंगठा थांबला नाही. कुठेच अडकला नाही.

बाईंनी दुसरी काढली, तिसरी काढली, सगळी पेटी टेबलावर पालथी केली. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, दोन्ही टोकं सारखी असलेल्या वीस कॉलरी.

"कोणी हात लावला पेटीला?"

मुली हसत होत्या. खरंच हसत होत्या, वाढदिवसाची भेट देताना हसतात तशा. डावरी उभी राहिली. "बाई, आम्ही सगळ्यांनी. शनिवारी तुम्ही वर सरांकडे होतात ना, तेव्हा. बाहेरची माणसं येणार, आणि तुमच्या पेटीत वाकड्या टिपा? लाज वाटत होती आम्हाला. जिची तिनं उसवली आणि नीट शिवली." आणि तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावं तर कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या ओरडल्याच. "सत्यानाश केलात गं माझा! त्या वाकड्याच पाहिजे होत्या मला! त्या वाकड्या होत्या म्हणून तुम्ही शिकलात हे दिसणार होतं! आता काय दाखवू? आधीही चांगल्या, नंतरही चांगल्या! मग या बाईनं शिकवलं काय?" आणि मग अकरा वर्षं लपवलेलं बाहेर पडलं. "मी नापास झाले तर पुढच्या वर्षी या खुर्चीत मी नाही. कळलं? मी नाही."

कुणीतरी पंखा बंद केला. डावरीचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या दिवसांत त्या पोरींना कुणी सांगितलंच नव्हतं की बाई हंगामी आहेत. त्यांना वाटत होतं, बाई म्हणजे भिंत. शाळा आहे तोवर असणारच.

"बाई," डावरी म्हणाली, "अजून दोन तास आहेत. आम्ही परत वाकड्या शिवतो."

खोटं सांगून काय उपयोग, बाईंनी 'नको' म्हटलं नाही. दोन तास, वीस मुली, वीस वाकड्या कॉलरी. कुणाला कळणार होतं? त्यांनी स्वतः कापडाचा गठ्ठा काढून दिला.

वर्गात मशीनं सुरू झाली आणि एक विचित्रच प्रकार झाला. पोरींना वाकडं शिवता येईना. डावरी टीप मुद्दाम डावीकडे न्यायची, पण टोक आलं की तिचा हात आपोआप थांबायचा, सुई खाली, मशीनचा पाय वर, कापड वळव, पाय खाली. टोक सुरेख यायचं. ती दात-ओठ खाऊन पुन्हा करायची, पुन्हा तेच. एकीनं डोळे मिटून शिवलं. एकीनं शेजारणीला सांगितलं, "मला धक्का दे गं मध्येच." धक्क्यानं टीप तुटली आणि तिनं सवयीनं मागे येऊन ती जोडूनही टाकली. ज्या काही वाकड्या झाल्या त्यांना बाईंनी अंगठा लावला. नवशिक्या हाताचं वाकडं वेगळं असतं. ते घाबरलेलं असतं. हे निर्लज्ज वाकडं होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "राहू दे."

"बाई, अजून एकदा..."

"राहू दे म्हटलं ना. ठेवा त्या कात्र्या." आणि बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं, कारण शिकल्याचा याहून मोठा पुरावा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता आणि तो कुठल्याच पेटीत घालून दाखवता येत नव्हता.

साडेदहाला परीक्षक आले. एक दुसऱ्या शाळेच्या शिवणबाई, आणि दुसरे फॅक्टरीचे कॉलरमास्तर. हेच ते मास्तर, ज्यांच्या हाताखाली सत्तावीस नंबरनं चौदा वर्षं काढली होती. आता पार म्हातारे झाले होते. "काय गं, बाई झालीस म्हणे," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. बाईंनी त्यांच्या देखतच नमुनासरांना काय घडलं ते सगळं सांगितलं. वाकडं शिवायचा प्रयत्न केला, तेही सांगितलं. सर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

तरी चाळीस कॉलरी तपासल्या. वीसपैकी गुण द्यायचे होते. आधीच्यांची सरासरी सतरा, नंतरच्यांची साडेसतरा.

मास्तरांनी मात्र एक कॉलर उचलून खिडकीत धरली. "ही उसवलेली आहे. जुन्या टिपेची भोकं दिसतायत. अरे बापरे, कुठून कुठे गेली होती ही!"

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "सर! भोकांवरून मोजा! पहिली टीप कुठून गेली ते कापडावर लिहिलेलंच आहे. कागदावर मोजतो तसंच मोजायचं. रेघेपासून किती सूत लांब, तेवढं!" त्या सरांच्या हाताला धरून खिडकीशी घेऊन गेल्या. परक्या पुरुषाचा हात धरलाय याचंही त्यांना भान नव्हतं.

सरांचे डोळे चमकले. ते खरंच पट्टी घेऊन बसले. मास्तर उजेडात धरत होते, शिवणबाई आकडे लिहीत होत्या, मुली दारात गर्दी करून श्वास रोखून उभ्या होत्या. पहिली कॉलर वाचता आली. दुसरी आली. तिसरीची भोकं धुण्यात आणि इस्त्रीत मिटून गेली होती. चौथीचीही. पोरींनी काम इतकं मन लावून केलं होतं की काही ठिकाणी नवी टीप बरोबर जुन्या भोकांवरून गेली होती. दुपारी दीडपर्यंत मोजून विसांतल्या सात कॉलरी वाचता आल्या.

"सात," सर म्हणाले. पट्टी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. "बाई, सातांवर मी काही सिद्ध करू शकत नाही. आणि त्या सात कुठल्या? ज्या सगळ्यात जास्त वाकड्या होत्या त्या. हे तर तुम्हीच सांगाल मला."

बाईंना कळलं. हेच वाईट होतं, की त्यांना आता सगळं कळत होतं. आठ महिन्यांपूर्वी असतं तर त्या भांडल्या असत्या. "ताणलेली टेप," त्या म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. अहवालावर त्यांना लिहावं लागलं की आधीचे नमुने बदलले गेल्यानं निष्कर्ष काढता येत नाही. निकाल, अनुत्तीर्ण. प्राचार्यांकडे ते दोनदा जाऊन आले, असं नंतर कळलं. नियमापुढे त्यांचं काही चाललं नाही.

मास्तरांनी जाताना मुलींच्या कॉलरींवरून पुन्हा एकदा हात फिरवला आणि दारातच सहाजणींना फॅक्टरीत यायला सांगितलं. डावरीकडे बघून म्हणाले, "ही तर मला तपासणीच्या टेबलावर पाहिजे." अहवालात याचा रकाना नव्हता.

वर्ष संपलं. कागद आला नाही. बाईंच्या खुर्चीत प्रमाणपत्रवाली नवी बाई आली. पाचव्या दिवशी सासूबाईंनी बटणांचा अर्धा ढीग सुनेकडे सरकवला. बाईंनी निवडायला घेतली, आणि छोटी-मोठी सगळी एकाच डब्यात टाकली. सासूबाईंनी डबा पाहिला, सुनेच्या डोळ्यांकडे पाहिलं. "कधीपासून गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डबा परत ओतून घेतला.

शेवटी तीन महिन्यांनी बाई फॅक्टरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दुसरं करणार काय? मास्तर तोवर निवृत्त होऊन घरी बसले होते, नवा सुपरवायझर कुणाला ओळखत नव्हता. त्यानं ट्रायलचा कागद दिला. एक कॉलर, एकच संधी. कागदावर चार रकाने होते, डावं टोक, उजवं टोक, टीप, वेळ. शिवलं की ते तपासणीच्या टेबलावर न्यायचं.

बाईंनी मान वर करून पाहिलं. लांबचं त्यांना अजून लख्ख दिसत होतं. हॉलच्या त्या टोकाला, ट्यूबलाइटखाली, डाव्या हातात ब्लेड धरून डावरी बसली होती. मान सरळ ठेवून.

बाई मशीनवर बसल्या. सुईत दोरा पाचदा गेला नाही. घड्याळ चाललं होतं. शेवटी त्यांनी शेजारच्या मशीनवरच्या अनोळखी बाईला हाक मारली, "ओवून देता का हो?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण ओवून दिला. मग बोटांनी आपलं काम केलं. डावं टोक जमलं. उजवं टोक आलं तेव्हा रेघ कुठे आहे ते दिसेना आणि बाईंनी अंदाजानं वळवलं. कॉलर उलटवून अंगठा फिरवला. उजवीकडे तो अडकला.

डावरी त्यांना बघून उठूनच उभी राहिली. कॉलर हातात घेऊन तिनं दोन्ही टोकं जुळवली आणि तिचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, "बाई, चारही ठिकाणी बरोबर लिहिते. कुणी नाही बघत."

"तू बघितलंस ना?"

"बाई, असं नका ना करू. माझ्यामुळेच झालं सगळं."

"तुझ्यामुळे काही झालं नाही. मी सांगितलं तेच तू केलंस. आताही तेच कर." बाईंचा आवाज फाटला. त्यांना ती नोकरी हवी होती, अगदी सत्तावीस नंबरची का होईना. "दिसतंय ते लिही."

डावरीनं उजव्या टोकाच्या रकान्यात फुली मारली. ती रडत होती, पण फुली स्पष्ट होती. मग ट्रायलची कॉलर कचऱ्याच्या टोपलीत टाकायची असते ती तिनं टाकली नाही. ब्लेडसकट बाईंच्या हातात दिली.

"उसवा, बाई," ती म्हणाली.

बाई फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या उसवण्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता. तरी त्यांनी बोटांनी चाचपत एकेक टाका काढला, दोऱ्याचे तुकडे झटकले, कापड मांडीवर नीट केलं आणि मग हात लांब करून उन्हासमोर धरलं. बाकावर दुसरी एक बाई ट्रायलसाठी थांबली होती. तिच्याकडे वळून कटिंगबाईंनी विचारलं, "यात भोकं दिसतायत का हो तुम्हाला? मला काही दिसत नाहीये."